एका टिंबाचा फरक

नाशिकच्या तेजल नावाच्या मुलीचा निरोप आला तेव्हा श्रीपादराव खिडकीशी बसून कागदावरचं ओलं आकाश वाळायची वाट बघत होते. "काका, चित्र आजच भिंतीवर लावलं. घरात गावच आल्यासारखं वाटतंय," असं लिहून तिनं फोटो जोडला होता. फोटोत सोफ्याच्या वर तिकोन्याचा डोंगर, त्याखाली भाताची खाचरं, खाचरांत वाकलेल्या पाच बायका. खाली उजव्या कोपऱ्यात सही, 'श्रीपाद', शेवटच्या 'द'ची शेपटी लांब ओढलेली.

श्रीपादरावांना आधी आनंद झाला आणि मग ते बुचकळ्यात पडले. 'तिकोन्याखालची लावणी' त्यांनी ऑगस्टमध्ये रंगवलं होतं आणि ते पुण्याच्या एका डॉक्टरांनी घेतलं होतं. मग नाशिकच्या भिंतीवर हे कुठलं?

श्रीपादरावांनी तळेगावच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर लोणावळ्याला भांगरवाडीत घर केलं आणि कपाटात पडून राहिलेले जलरंग बाहेर काढले. मुलीनं, अनुष्कानं, बंगळुरातून फोनवर शिकवून शिकवून इन्स्टाग्रामवर 'श्रीपादची चित्रं' हे पेज काढून दिलं. पहिले सहा महिने तिथं नातेवाइकांखेरीज कुणी फिरकलं नाही. मग एकदा त्यांनी ब्रशच्या चार फटकाऱ्यांत धुकं कसं येतं, त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो दीड लाख लोकांनी पाहिला. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी फोन आणि देवपूजेच्या आधी 'लाइक' बघायची सवय लागली. मधे कुणी दलाल नाही, गॅलरी नाही. आपलं चित्र, आपला फोटो, आपणच केलेलं पार्सल. याचा त्यांना फार अभिमान होता.

"इंदिरा, मी हे चित्र दोनदा काढलं होतं का गं?"

इंदिराबाई मटार सोलत होत्या. "परवा गॅसवर दूध ठेवून फिरायला गेलात, ते तुम्हाला आठवत नव्हतं. चित्राचं मी काय सांगू?"

त्या थट्टेत म्हणाल्या, पण श्रीपादरावांच्या मनाला ते लागलं. अडुसष्टावं वर्ष चालू होतं. मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, आधी दूध, मग माणसं. दोन दिवस त्यांनी जुन्या वह्या चाळल्या, पार्सलांच्या पावत्या काढल्या, कागदाच्या ठोकळ्यातले उरलेले कागद मोजले. एकही कागद कमी नव्हता. म्हणजे डोकं शाबूत होतं. आणि डोकं शाबूत असेल तर चोर बाहेर होता.

बाहेर म्हणजे कुठं, याचा विचार करताना त्यांच्यासमोर एकच चेहरा यायला लागला. चित्र घरातून निघाल्यावर डॉक्टरांकडे जाईपर्यंत चार दिवस ते एकाच ठिकाणी होतं, बाजारातल्या झुबेरच्या दुकानात. झुबेर फ्रेम करायचा, शिवाय चित्रांचं स्कॅनिंगही तोच करून द्यायचा. सही, कागदाचा पोत, मोजमाप, सगळं त्याला ठाऊक. त्याचा बाप राजमहंमद श्रीपादरावांना 'साहेब' म्हणायचा, झुबेर 'सर' म्हणायचा. सहा वर्षांत एक काच तडकली नव्हती. पण संशय एकदा शिरला की मागचं सगळं त्याच रंगात दिसायला लागतं. झुबेरनं मध्यंतरी नवा मोठा प्रिंटर घेतला होता. का घेतला होता?

ते दुकानात गेले तेव्हा झुबेर टेबलावरच्या कशावर तरी घाईनं खाकी कागद ओढत होता.

"काय झाकतोयस?"

"काही नाही सर, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. बसा ना, चहा सांगतो."

"माझे जुने स्कॅन तू ठेवतोस का रे?"

"ठेवतो. तुम्हीच म्हणाला होता, पुढे लागतील म्हणून."

"आणि आणखी कुणी बघतं?"

झुबेरचा हात कागदावर थांबला. त्यानं श्रीपादरावांकडे नीट पाहिलं. "सर, काही झालंय का?"

"काही नाही. माझी चार चित्रं आहेत ना तुझ्याकडे? परत दे. फ्रेम आता नको आहे."

एका चित्राचं माउंट, म्हणजे फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट, कापून झालं होतं. झुबेरनं चारही चित्रं बटरपेपरमध्ये गुंडाळली, दोरी बांधली आणि हातात दिली. माउंटचे पैसे मागितले नाहीत, की पुन्हा काही विचारलं नाही. त्याचं ते गप्प राहणंही श्रीपादरावांना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन त्यांनी तेजलला, आपल्याला नोंद ठेवायची आहे असं सांगून, चित्र कुठून मागवलं ते विचारलं. तिनं पेजचा दुवा पाठवला. 'श्रीपादची चित्रं'च. तोच फोटो, टोपी घालून ईझलवरच्या चित्रासमोर उभे असलेले श्रीपादराव. फक्त नावाच्या मधे एक टिंब जादा होतं; म्हणूनच तिचा निरोप चुकून त्यांच्या पेजवर आला होता. खाली अकरा चित्रं, सगळी त्यांच्या चित्रांवरून केलेली, आणि त्यांतल्या चारांवर 'विकलं गेलं' अशी लाल पट्टी.

आपलंच तोंड दुसऱ्याच्या दारावर टांगलेलं बघून त्यांचे कान तापले. त्यांनी इन्स्टाग्रामकडे तक्रार केली. मिनिटाभरात यंत्राचं उत्तर आलं की या पेजवर नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. मग त्यांनी इंदिराबाईंचा फोन घेतला आणि गिऱ्हाईक होऊन लिहिलं, "लावणीचं चित्र मला पण हवं आहे. मिळेल?"

"व्हय मावशी, मिळेल. आठ दिवस लागतील," असं उत्तर आलं. लगेच दुरुस्त करून पुन्हा, "हो, मिळेल."

"झुबेर 'व्हय' म्हणतो का?" इंदिराबाईंनी विचारलं.

"मुद्दाम लिहिलं असेल. ओळख लागू नये म्हणून."

पैसे पाठवताना पडद्यावर नाव उमटलं, भामाबाई हौशीराम. श्रीपादरावांनी ते कागदावर उतरवून घेतलं. झुबेरनं कुणा म्हातारीचं खातं वापरलं असणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

नवव्या दिवशी पार्सल आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता तिकोना पेठेचा. श्रीपादरावांनी ब्लेडनं पुठ्ठा कापला, चित्र खिडकीत धरलं आणि भिंग लावून सही तपासायला लागले. छापील नव्हतं, हातानं रंगवलेलं होतं. 'द'ची शेपटी हुबेहूब होती. इंदिराबाई मात्र सहीकडे बघतच नव्हत्या.

"या चित्रात बाया बरोबर लावतायत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भात लावताना बाई मागं मागं सरते. लावलेली रोपं तिच्या पुढ्यात राहतात. तुम्ही काढलेल्या चित्रात लावलेली रोपं त्यांच्या पाठीमागे होती. म्हणजे आपणच लावलेलं तुडवत पुढे निघाल्या असत्या." इंदिराबाईंचं माहेर मळवलीचं. लग्न होईपर्यंत दर आषाढात त्यांनी चिखलात पाय घातले होते. "आणि हे बघा, तुम्ही डोक्यावर पावसासाठी पानांची इरली दिली होती. आता कोण घालतं इरलं? हिनं खताच्या गोणीची खोळ दिलीय. निळी."

श्रीपादरावांनी आपल्या चित्राचा फोटो काढून शेजारी धरला. खरंच होतं.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"चारशे माणसं वाहवा करत होती. मला वाटलं, चित्रात तसं चालत असेल." मग त्या म्हणाल्या, "झुबेर बाजारात जन्मला आणि बाजारात वाढला. त्याला हे कळेल का?"

श्रीपादरावांनी भिंग खाली ठेवलं. इंदिराबाईंनी 'हिनं' म्हटलं होतं, तेही त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटर काढली. दुधिवरे खिंड उतरून पवनेच्या पाण्याच्या कडेकडेनं ते तिकोना पेठेत पोचले तेव्हा दहा वाजले होते. भाताची कापणी होऊन खाचरांत नुसती धसकटं उरली होती. हौशीरामचं घर विचारल्यावर एकानं हापशापलीकडचं पत्र्याचं घर दाखवलं, पण आधी, "काय काम हाय?" असं दोनदा विचारलं.

ओट्यावर एक म्हातारी तांदूळ पाखडत होती. स्कूटर थांबताच ती उठून दारात आडवी उभी राहिली.

"भामाबाई आपणच का?"

"जमीन इकायची न्हाई," म्हातारी म्हणाली. "मागल्या येळंला बी सांगितलंया. फोटू काढायचं न्हाई, मोजायचं न्हाई."

"मी जमिनीसाठी नाही आलो."

"समदे आसंच म्हनत्यात."

मागून एक तिशीतली बाई हात पुसत आली आणि श्रीपादरावांना पाहून जागीच थांबली. तिच्या बोटांवर निळा रंग होता. "आत्या, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला ठावं हाय कोन हाईत ते. या सर."

ती भामाबाईंची सून, राजेश्वरी. आत धान्याच्या कणगीशेजारी लाकडी पाट, त्यावर कागद चिकटपट्टीनं ताणलेला, शाळेच्या मुलांची असते तसली रंगपेटी. कागदावर पवनेचं पाणी अर्धं झालं होतं. श्रीपादरावांनी वाटेत जुळवलेली वाक्यं, पोलीस, फसवणूक, चोरी, सगळी एका दमात म्हणून टाकली. राजेश्वरीनं मान खाली घालून ऐकलं.

"तुमचं खरंय सर. चोरीच हाय ती."

"मग केलीस का?"

तिनं फोन उघडून पुढे केला. तिच्या स्वतःच्या नावाचं पेज होतं. वीस चित्रं, कुठल्याही चित्राला बारा-तेरा लाइक, तेही गावातल्यांचे. दोन वर्षांत एक चित्र गेलं नव्हतं. "गावातल्या शाळेच्या भिंती मी रंगवल्या. नवऱ्याच्या टेम्पोवरचं नाव बी मीच काढलं. तुमचे व्हिडिओ बघून जलरंग शिकले. तुमच्या नावानं एक टाकून बघितलं, तर दुसऱ्या दिवशी गेलं. मग हात थांबंना."

"मला विचारायचं होतंस."

"इचारलं हुतं की."

तिनं दुसरा पडदा दाखवला. मागच्या मार्चपासूनचे तीन निरोप. 'सर, माझी चित्रं बघून सांगाल का?' तिन्हींच्या खाली 'पाहिलं' असं लिहिलेलं. शेवटचा ऑगस्टमधला होता. 'सर, चित्र लय भारी. पन लावताना बाया मागं सरत्यात. लावलेलं पुढं पायजे.'

श्रीपादरावांना आठवलं. हेच तिनं चित्राखाली सगळ्यांना दिसेल असंही लिहिलं होतं. कोण ही, नाव ना गाव, आपल्याला शिकवणारी, असं वाटून त्यांनी ते पुसलं होतं आणि तिला ब्लॉक केलं होतं. अनुष्कानंच सांगितलं होतं ना, बाबा, अनोळखी निरोपांवर विश्वास ठेवू नका.

त्यांना कुठं बघावं कळेना. तरीही राग गेला नव्हता. "पेज आत्ता माझ्यासमोर बंद कर," ते म्हणाले. तिनं केलं. "दुसरं काढलंयस का कुठं?"

"न्हाई सर."

"कशावरून?"

"कशावरून सांगू?" राजेश्वरीचे डोळे भरले. "माझ्या बोलन्याशिवाय हाय काय माझ्यापाशी?"

भामाबाईंनी चहा आणला. त्यांनी तो घेतला. निघताना म्हणाले, "ज्यांना चित्रं विकलीस त्यांना खरं काय ते कळव. मीही माझ्या पेजवर लिहीन." काय लिहीन, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. खिंडीपर्यंत त्यांना वाटत होतं की ही बाई आपल्याला पुन्हा फसवणार.

लिहायला चार दिवस लागले. शेवटी त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टाकली. आपल्या चित्रात चूक काय होती, ती कुणी दाखवली, आपण तिला कसं पुसून टाकलं आणि मग तिनं आपलं नाव कसं वापरलं, सगळं सरळ लिहिलं. खाली राजेश्वरीच्या खऱ्या पेजचं नाव दिलं. काहींनी कौतुक केलं. पुष्कळांनी ही जाहिरातीची नवी युक्ती असल्याचं लिहिलं. एकानं तर विचारलं, "आजवरची तरी चित्रं तुमची तुम्ही काढलीत का?" ते मात्र श्रीपादरावांनी पुसलं नाही.

राजेश्वरीच्या पाच गिऱ्हाइकांपैकी दोघांनी चित्रं परत केली. तिघांनी ठेवली, त्यांत नाशिकची तेजल एक आणि इंदिराबाई एक. तेजलनं एवढंच कळवलं, "मला ज्यांनी काढलं त्यांची सही हवी."

जलरंगातली सही डाग न ठेवता पुसता येत नाही. तेजलकडचं चित्र लोणावळ्याला आलं, राजेश्वरी एसटीनं आली आणि श्रीपादराव तिला घेऊन झुबेरच्या दुकानात गेले. तिथं जायची त्यांना धास्तीच होती. आधी त्यांनी झुबेरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, त्याच्यावर घेतलेल्या संशयासकट.

झुबेरनं ऐकून घेतलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं, सर," तो म्हणाला. "झाकलेलं ते एका कुटुंबाचं होतं. वारलेल्या बाळाचा फोटो. ते लोक म्हणाले होते, कुणाला दाखवू नका."

"चुकलं माझं."

"तुम्ही विचारलं असतं तर मी दुकान उघडून दाखवलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

मग तो राजेश्वरीकडे वळला. चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि माउंटची खालची कड अर्धा इंच वर घेतली तर जुनी सही झाकली जाईल, असं म्हणाला. तिनं वरच्या बाजूला, निळ्या खोळीच्या शेजारी, आपलं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

श्रीपादरावांनी पिशवीतून आपली चार चित्रं काढून पुन्हा टेबलावर ठेवली. झुबेरनं ती एकेक करून उलगडली. मग खणातून नवं कोरं पावतीपुस्तक काढलं, चारही चित्रांची नावं आणि मापं त्यात लिहिली आणि पेन पुढे केलं.

"हे काय?" श्रीपादराव म्हणाले. "सहा वर्षांत कधी लागलं नाही."

"आता असू दे, सर," झुबेर म्हणाला. "सही करा."

त्यांनी केली.