टाकीच्या वरची अँटेना

तीस वर्षं मी लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसवल्या. माझा एक जॉइंट सुटलेला कुणी दाखवावा, जन्मभर त्याच्या घरी पाणी भरीन, असं मी चारचौघांत सांगत आलो. बायकोचे हे ऐकून कान किटले आहेत. पण त्यात फुशारकी नाही, ते खरंच आहे.

काम सोडल्यावर मी घरात बसून नाकाने कांदे सोलायला लागलो, तेव्हा ठमीने मला ती डबी आणून दिली. ठमी म्हणजे आमची एकुलती एक लेक. विमानात नोकरी करते, प्रवाशांना पट्टे बांधायला लावते आणि पाणी देते. उडणारं प्रत्येक विमान आपला नंबर, उंची, वेग आणि जागा रेडिओवरून सतत सांगत असतं. हातभर लांबीची अँटेना उघड्यावर लावली की डबी ते ऐकते आणि संगणकाच्या नकाशावर विमानाचं चित्र सरकायला लागतं.

"बाबा, हे लावा आणि आईला दाखवा," ठमी म्हणाली. "म्हणजे उतरल्या उतरल्या चौदा फोन यायचे नाहीत."

लेकीने आईला ओळखलंच नव्हतं.

पहिल्यांदा मी अँटेना गच्चीच्या कठड्याला क्लॅम्प मारून बसवली. उत्तरेला आमच्या इमारतीची पाण्याची टाकी, चांगली खोलीएवढी, सिमेंटची. ठमीचं विमान आठवड्यातून चार दुपारी आमच्या उत्तरेने पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं. ते टाकीच्या आड आलं की चित्र पुसलं जायचं आणि सात मिनिटांनी पलीकडून पुन्हा उगवायचं. या लहरी सरळ रेषेत येतात, मध्ये भिंत आली की संपलं. हे मी बायकोला कागदावर काढून दाखवलं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ती सात मिनिटं हातात ओला पोळपाट धरून पडद्यासमोर उभी राहिली. पाणी टपटप फरशीवर.

"अगं, टाकीमागे गेलीय," मी म्हणालो.

"माहितीये मला."

"मग श्वास तरी घे."

चित्र उगवलं की "आली" म्हणायची आणि पोळपाट जागेवर ठेवायची. मी तिची फार थट्टा केली. आता वाटतं, जरा कमी करायला हवी होती.

सोमवारी ठमीचा फोन आला तेव्हा बायको बाहेर गेली होती. बोलता बोलता ठमी म्हणाली, "मागच्या बाजूला, आमच्या स्वयंपाकाच्या जागेत, जळका वास येतो हो अधूनमधून. वायर तापल्यासारखा. तिसऱ्यांदा लिहून दिलंय. तपासतात, काही नाही म्हणतात, परत पाठवतात."

तापलेल्या वायरचा वास मी झोपेतही ओळखीन. तो उगाच येत नाही.

"तू त्या विमानात जाऊ नकोस."

"बाबा, विमान आम्ही निवडत नाही. आणि ते काय तुमचं केबलचं खोकं आहे का?" ती हसली. "आईला सांगू नका हं. जीव खाईल माझा."

शेपटीवरचा नंबर तेवढा मी विचारून घेतला आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. बायकोला सांगितलं नाही.

त्यानंतर ती सात मिनिटं मलाही झेपेनात. मंगळवारी विमान टाकीआड गेलं आणि बायकोआधी माझाच हात खुर्चीच्या पाठीवर आवळला गेला. थट्टा सुचली नाही. बुधवारी सकाळी मी दहा फुटी पाइप आणला.

टाकीला भोक पाडायचं नाही, गळती लागते. म्हणून लोखंडी पट्टे टाकीभोवती आवळले, त्यात पाइप उभा केला, लेव्हल लावून सरळ केला आणि टोकाला अँटेना. केबलला खाली थोडं पोट सोडलं, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, आत शिरत नाही. जॉइंटवर रबरी पट्टी तीन पदर. बायको शिडी धरून उभी होती आणि या वयात कोण माकडासारखं चढतं, म्हणून बडबडत होती. पण खूश होती. तिला वाटलं, मी हे सगळं तिच्यासाठी करतोय.

खाली आलो तर आधी जिथे अकरा विमानं दिसायची तिथे त्रेचाळीस. "आता एक मिनिटही दिसेनाशी होणार नाही," मी म्हणालो. आपण काय बोलतोय ते मला कळलं नाही.

गुरुवारी दुपारी साडेतीनला विमान पश्चिमेच्या कडेला उगवलं. मी चित्रावर बोट ठेवून शेपटीचा नंबर पाहिला. कॅलेंडरची मागची बाजू पाहिली. तोच होता.

बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. "आली का?" तिने विचारलं.

"आली."

उंची चौतीस हजार फूट. ते टाकीच्या दिशेत शिरलं, आणि पहिल्यांदाच पुसलं न जाता पुढे सरकत राहिलं. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग उंचीचा आकडा हलला. तेहतीस हजार. उतरायला अजून पाऊण तास होता. तीस. सव्वीस. एकवीस. मग आकडा तसाच राहिला, चित्र क्षणभर जागच्या जागी थांबलं आणि गेलं. बाकीची विमानं आपापल्या वाटेने शांतपणे जात होती. एक तर तिथूनच, वरून, चौतीस हजारांवरून गेलं.

बायको घडी घातलेली चादर घेऊन आली. "कुठाय?"

मी नकाशा आणखी मोठा करून पाहिला.

"टाकीमागे गेली," ती सवयीने म्हणाली आणि थबकली. टाकी आता अँटेनेच्या खाली होती. तिने शिडी स्वतः धरली होती. ती पडद्याकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली.

"तुमचा जॉइंट सुटला असेल," ती म्हणाली. "हो ना? सुटला असेल ना हो?"

"हो," मी म्हणालो. "सुटला असेल."

तीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. तिने चादर छातीशी धरली. "मग जा ना. बघा जाऊन."

मी पाना घेऊन वर गेलो. शिडी धरायला कोणी नव्हतं. बाकीची विमानं दिसताहेत म्हणजे जॉइंट शाबूत आहे, हे मला चढतानाच ठाऊक होतं. तरी पायरीपायरीला मी देवाला विनवत होतो की माझं काम कच्चं निघू दे. पट्टी सोलली. आत कोरडं ठणठणीत, नट जिथे आवळला होता तिथेच. पाइप हलवून पाहिला, तसूभर हलला नाही.

आमचं घर शेवटच्या मजल्यावर आहे. खिडकीतून हाक मारली की गच्चीवर ऐकू येते.

"सापडलं का हो?"

मी पाना लावला, नट सोडला आणि केबल ओढून बाजूला केली.

मग तिचा आवाज आला. इतका मोकळा आवाज मी महिनाभरात ऐकला नव्हता. "अहो, सगळीच गेली. एकही दिसत नाही. म्हणजे बिघाडच होता बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"जॉइंट सैल होता," मी खाली ओरडलो. "आता नवीन करतो."

"किती वेळ लागेल?"

केबलचं टोक माझ्या मुठीत होतं.

"लागेल थोडा," मी म्हणालो. "तू चहा ठेव."