तिसगावच्या बांगडीवालीचा टॅब

मित्रांनो, खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत भेग गेलेला, कडेला चिकटपट्टी लावलेला आणि फुलाफुलांच्या कापडी पिशवीत राहणारा हा टॅब म्हणजे मी. तुमच्यात सहा वर्षांचं मूल नुकतं शाळेत जायला लागतं. आमच्यात सहा वर्षं म्हणजे म्हातारपण.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे सांगण्यासारखं विशेष काही नाही. माझी खरी गोष्ट सुरू झाली नगरच्या एका दुकानात. अमजद नावाचा एक कामगार बायको रुमाना आणि लहानगी मुलगी आयेशा यांना घेऊन आला होता. आयेशाच्या शाळेसाठी टॅब हवा होता. दुकानदार खरं बोलणारा होता. त्याने मला पेटीतून काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हे बघा दादा, एकदम स्वस्तातला घेतला तर सहा महिन्यांत डोक्याला ताप. भारीतला तुम्हाला लागणार न्हाई. हा मधला हाय. स्क्रीन मोठी, बॅटरी दमदार. पण कॅमेऱ्याच्या नावानं बोंब हाय, आवाज बारीक हाय, आणि एकदम चार कामं सांगितली की अडकतो. मागनं म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

रुमाना हसून म्हणाली, "आमच्या घरात एकदम चार कामं मलाच सांगत्यात. मी कुठं अडकते?"

त्या दुकानदाराचा मी अजून आभारी आहे. त्याने माझे गुण आणि दोष एका दमात सांगून टाकले. त्यामुळे त्या घरात माझ्याकडून कुणी भलती अपेक्षा केली नाही. मला जे जमतं त्याचं कौतुक झालं आणि जे जमत नाही ते चालवून घेतलं गेलं. सगळ्यांच्याच नशिबात असं घर नसतं.

हे घर पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात आहे. अमजद सुप्याच्या एमआयडीसीत काम करायचा, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात रुमाना, आयेशा आणि अमजदची आई जहिराबी. घरात ही माणसं आपसांत दखनी उर्दूही बोलत, पण मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो.

जहिराबी बांगड्या विकायच्या. बाजारच्या दिवशी त्यांचं दुकान लागे, आणि लग्न किंवा डोहाळजेवण असलं की बायका त्यांना घरी बोलवत. नवरीला हिरवा चुडा भरायचा तर तो जहिराबींनीच, असं आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ठरलेलं होतं. बाईचा हात हातात आला की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. कोण कुठली, सासू कशी आहे, कापूस किती निघाला, सगळी चौकशी व्हायची. आणि घट्ट बांगडी चढवताना त्या एक ठरलेलं बोलणं लयीत म्हणायच्या.

"हात दे बाई, हात दे. ढिला सोड, जीव नको धरू. काच हाय माझी, लोखंड न्हाई. वळलीस तर चढंल, ताठलीस तर फुटंल."

एवढं म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. बाईला दुखलेलं कळायचंही नाही.

रुमानाला मात्र त्या बांगड्यांना हात लावू देत नसत. "तुझा हात जड हाय. तू आपली भाकरी थाप," असं म्हणायच्या. रुमाना काही बोलत नसे. तिच्या वाट्याला बोलण्यासारखी जागाच उरत नसे म्हणा ना. माझ्याबद्दलही जहिराबींचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्या मला 'ती पाटी' म्हणायच्या.

माझे पहिले दिवस सुखाचे होते. आयेशा माझ्यावर कविता ऐकायची, गणितं सोडवायची. रुमाना शिवणकाम बघायची. सुट्टी नसली की अमजद माझ्यातूनच घरच्यांशी बोलायचा. माझा आवाज बारीक, म्हणून सगळ्या जणी डोक्याला डोकं लावून माझ्याजवळ बसत. तेव्हा मला माझा तो दोषही आवडू लागला होता.

आणि मग एका सकाळी, बाजाराची तयारी करता करता जहिराबी खाली कोसळल्या. बांगड्यांची पेटी त्यांच्या अंगावर उलटली. काच फुटल्याचा आवाज मी फळीवरून ऐकला. बांगडीवालीच्या घरात तो आवाज नवा नव्हता, पण त्यानंतर रुमानाने मारली तशी हाक मी कधीच ऐकली नव्हती.

लकवा मारला होता. नगरच्या दवाखान्यातून जहिराबी परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत होता आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी "हात", झोप आली तरी "हात", अमजदला बघून रडू आलं तरी "हात, हात". सगळ्यांना वाटायचं, त्या आपल्या लुळ्या हाताबद्दल बोलतायत. मग कुणीतरी हात चोळायला घ्यायचं आणि त्या चिडून मान फिरवायच्या. शेजारच्या बायका येत, मोठमोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत आणि डोळे पुसत निघून जात. हळूहळू त्याही येईनाशा झाल्या. ज्या घरात बोलणं संपत नव्हतं, तिथे भांड्यांचाच आवाज राहिला.

नगरला देवश्रीताई म्हणून एक होत्या. लकव्याने गेलेली वाचा परत आणायचे उपचार त्या करत. त्यांनी जहिराबींना तपासलं आणि अमजद-रुमानाला समोर बसवलं.

"यांना सगळं समजतंय. शब्द आत जसेच्या तसे आहेत, बाहेर यायची वाट अडली आहे. त्यांच्याशी मोठ्या माणसासारखंच बोला. आणि त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा. फार थांबावं लागेल."

"पण ताई, त्यांना काय पायजे ते आमाला कळायचं कसं?" रुमानाने विचारलं.

"चित्रं दाखवायची. त्या बोट ठेवतील. मोबाईलवर चित्रं बारीक दिसतात आणि यांचा डावा हात थरथरतो. घरात मोठी स्क्रीन आहे का?"

रुमाना आणि अमजदने एकमेकांकडे बघितलं. "पाटी हाय," रुमाना म्हणाली.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली, मित्रांनो.

आधी देवश्रीताईंनी माझ्यात एक तयार ॲप घातलं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येई. पण त्यातली चित्रं कुठल्या तरी परक्या घरातली होती. पाव सुरीने कापून खाणारी माणसं, गालिचा घातलेली खोली. जहिराबींनी ती बघितली आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा रुमानाने ठरवलं की चित्रं आपल्याच घरातली पाहिजेत. ॲपमध्ये आपले फोटो आणि आपला आवाज घालायची सोय होती. मात्र इथे माझा कॅमेरा आडवा आला. घरातल्या उजेडात मी काढलेला प्रत्येक फोटो काळपट यायचा. भाकरी आणि तवा यात फरक कळेना. रुमानाने कंबर कसली आणि एकेक वस्तू अंगणातल्या उन्हात आणायला लागली. कपबशी, तांब्या, उशी, नमाजाची जानमाज, औषधाची डबी, पायातल्या चपला. शेवटी शेळीलाही ओढून आणलं.

शेजारच्या बनुबाई भिंतीवरून बघत होत्या. "काय गं रुमाना, घर सोडून निघालीस का काय?"

"न्हाई मावशी, अम्मीसाठी शब्द गोळा करतीय."

रुमानाने प्रत्येक फोटोखाली आपल्या आवाजात शब्द भरला. दुसऱ्या दिवशी तिने मला जहिराबींच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं डावं बोट बराच वेळ माझ्यावर हिंडलं आणि कपबशीवर टेकलं. "चहा," मी बोललो. रुमाना चहा करायला धावली. मला वाटलं, जमलं!

पण पुढे काही दिवसांनी विचित्र घडलं. जहिराबी बोट ठेवायच्या, मी बोलायचो आणि त्यांचा चेहरा अधिकच उतरायचा. मला कारण उशिरा उमगलं. त्यांच्या बोलण्याला आवाज होता तो सुनेचा. जन्मभर जिच्या तोंडापुढे कुणी टिकलं नाही, तिला आता पाणीसुद्धा दुसऱ्याच्या आवाजात मागावं लागत होतं. एका दुपारी त्यांनी मला डाव्या हाताने असं भिरकावलं की मी खाटेवरून फरशीवर कोपऱ्यावर आपटलो. ही भेग तेव्हाची.

रुमानाने मला उचललं. ती कधी न बोलणारी बाई त्या दिवशी बोलली.

"अम्मी, इतकी वर्षं तुमी बोललात, मी ऐकलं. एका शब्दानं उलटून बोलले न्हाई. आता तुमच्यासाठी बोलतीय तर ते बी नको? मग मी करू तरी काय?"

आणि ती खाटेच्या पायाशी बसून रडायला लागली. जहिराबी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात पुढे केला. "हात," त्या म्हणाल्या. "हात."

रुमानाने आपला हात त्यांच्या हातात दिला. जहिराबींचा अंगठा तिच्या अंगठ्याच्या सांध्यावरून फिरला. बांगडी चढवण्याआधी त्या प्रत्येक बाईचा हात असाच चाचपायच्या. रुमानाला काय वाटलं कोण जाणे, तिने डोळे पुसले आणि त्यांचंच बोलणं म्हणायला सुरुवात केली.

"हात दे बाई, हात दे. सैल सोड, जीव नको…"

"न्हाई!"

रुमाना दचकली. मीही दचकलो. जहिराबींचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलत होते. रुमाना काहीतरी बोलणार होती, पण तिला देवश्रीताईंचं सांगणं आठवलं असावं. ती थांबली. खूप वेळ थांबली.

"ढि…" जहिराबी म्हणाल्या. "ढिला."

चुकीचा शब्द त्यांना सहन झाला नव्हता. ही गोष्ट कळल्यावर देवश्रीताई फोनवर खूप हसल्या. म्हणाल्या, "तोंडात वर्षानुवर्षं बसलेलं बोलणं असंच आधी बाहेर येतं. तेच धरून चाला." त्या दिवसापासून रुमाना मुद्दाम चुका करू लागली. लोखंडाच्या जागी पितळ म्हणे, चढंलच्या जागी पडंल म्हणे. जहिराबी चिडायच्या आणि एखादा शब्द निसटून बाहेर पडायचा. सुनेने सासूला चिडवावं आणि त्यातून औषध व्हावं, असं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझ्यावर ते सगळं बोलणं रुमानाने नीट भरून ठेवलं होतं. बांगडीच्या फोटोवर बोट ठेवलं की ते वाजायचं आणि जहिराबी माझ्यामागून पुटपुटायच्या. मात्र एकट्याने, लोकांसमोर, त्या तोंड उघडत नव्हत्या.

मग बनुबाईंच्या नातीचं लग्न ठरलं. कुणी म्हणालं, पाथर्डीहून दुसरी बांगडीवाली बोलवू. बनुबाई थेट आमच्या अंगणात आल्या.

"जहिरा, माझ्या लेकींना तू चुडा भरलास. नातीला बी तूच भरायचा. कसा भरायचा ते तुझं तू बघ."

जहिराबींनी रुमानाकडे बोट केलं. पहिल्यांदाच त्यांनी बांगड्यांच्या पेटीची किल्ली तिच्या हातात दिली.

चुड्याच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं होतं. नवरी पाटावर बसली. रुमाना तिच्यासमोर आणि रुमानाच्या शेजारी खुर्चीवर जहिराबी, मांडीवर मी. पहिल्या बांगड्या सहज गेल्या. मग घट्ट बांगडी आली. पोरीने हात आखडला. बांगडी अंगठ्याच्या सांध्याशीच अडली. जहिराबींनी माझ्यावरच्या बांगडीच्या फोटोवर बोट ठेवलं.

आणि मित्रांनो, मी अडकलो.

पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. सकाळपासून आयेशा माझ्यावर लग्नाचे व्हिडिओ घेत होती, माझं पोट भरलं होतं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. माझ्या आयुष्यात मला कधीही इतकी लाज वाटली नाही. आयेशा मला टपटप मारायला पुढे झाली. एक बाई म्हणाली, "आपुनच म्हनू या का?"

"गप बसा," बनुबाई म्हणाल्या. "तिचं तिला म्हनू द्या."

सगळं अंगण थांबलं. जहिराबींनी माझ्याकडे पाहिलं, मग नवरीच्या आखडलेल्या हाताकडे. त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं.

"हात दे… बाई… हात दे," त्या म्हणाल्या. "ढिला… सोड. जीव… नको धरू."

पोरीचा हात सैल झाला.

"काच हाय… माझी. लो… लो…"

शब्द अडला. बायकांच्या ओठांवर तो आलेला मला दिसत होता, पण एकीनेही तो पुरवला नाही.

"लोखंड न्हाई."

बांगडी मनगटात गेली. पुढची ओळ राहूनच गेली आणि ती कुणाला आठवलीही नाही. बनुबाई पदराने डोळे पुसत होत्या. जहिराबींनी रुमानाच्या खांद्यावर डावा हात ठेवला. "हात," त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द शोधत राहिल्या. आम्ही वाट पाहिली. "हलका."

त्या वेळी रुमानाने जी मान खाली घातली ती चुडा पुरा होईपर्यंत वर केली नाही.

आता बाजारच्या दिवशी रुमाना बांगड्या भरते आणि जहिराबी शेजारी बसतात. त्यांचं बोलणं पूर्वीसारखं धो-धो नाही, थेंबथेंब आहे. नावं अजून सापडत नाहीत, तेव्हा त्या मला पिशवीतून काढतात. माझी बॅटरी आता लवकर उतरते. नवीन काही माझ्यात बसत नाही. अमजदने नवा टॅब आणू का, असं विचारलं तेव्हा जहिराबी म्हणाल्या, "राहू दे. पाटी… माझी." त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी उरलेलं आयुष्य आनंदाने काढीन.

मित्रांनो, मी मधल्या किमतीचा, बेताच्या ताकदीचा एक टॅब. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल. त्याला धुळीत टाकू नका, त्याचं पोट उगीच भरू नका, अडकला म्हणून आपटू नका. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. माझ्या पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं की तुम्ही सगळे गप्प बसून त्याकडे बघत राहता. मी यंत्र आहे, तरी तुम्ही माझ्यासाठी थांबता. घरातल्या एखाद्या माणसाचा शब्द अडला, तर त्याच्यासाठीही तेवढे थांबा.