कोकिळेच्या लग्नातले मांडे

रोहिणखेडात कुणाचंही लगीन ठरलं की पहिलं बोलावणं मला यायचं. पुरणाचा मांडा कोपरापर्यंत दोन्ही हातांवर लांबवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा, हे गावात माझ्यासारखं कुणाला जमत नव्हतं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं, कोकिळेचं लगीन ठरलं आणि माझा दीर निवृत्ती विचारू लागला, "वहिनी, गोड काय करायचं?"

मला हसूच आलं. "हे काय इचारनं झालं, भाऊजी?"

पण त्याची बायको पुष्पा मधेच बोलली, "बालुशाही केली तं? एकेक पानावर ठेवाची. आदल्या दिवशीच होऊन जाते. खामगावले आता सगळे तेच करतात."

कोकिळा तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तिला मी वाढवली; मला ती मोठी माय म्हणायची आणि माझ्या मालकांना मोठे बाबा. पुष्पा या घरात आली तेव्हा पोर बारा वर्षांची झाली होती. तरी ती पुष्पाच्या हाताने वेणी घालून घ्यायची, तिच्यासारखा पदर घ्यायची. मी बघत होते.

"पोरीलेच इचारा," मी म्हणाले. मला खात्री होती.

कोकिळा खाली मान घालून म्हणाली, "बालुशाहीच करू, मोठी माय."

त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. बायका पापड लाटायला जमल्या की शेजारची कलाबाई मुद्दाम विचारायची, "काऊन हो गोजरबाई, खापर माळ्यावरच राहते का या लग्नात?" सगळ्या हसायच्या. पुष्पा हसायची नाही, त्याचाही मला राग यायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पुष्पाने मैदा भिजवला. परातभर पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ती पाणी भरायला गेली. मी फडकं उचलून पाहिलं. पीठ नुसतं भुसभुशीत गोळा केलेलं, कुठे मळल्याची खूण नाही. मांड्याची कणीक आम्ही तासभर तिंबतो, आपटतो, तेव्हा कुठे ती हातावर चढते. मला वाटलं, हीच का ती खामगावची सुगरण! हिला पीठ मळता येत नाही आणि हिच्यासाठी माझे मांडे बंद.

मी परातीपुढे बसले आणि सगळा राग त्या पिठावर काढला. मुठींनी तिंबलं, उचलून आपटलं. रबरासारखं ताणायला लागलं तेव्हा हात धुतले. कुणी पाहिलं नाही.

दुपारी पहिला घाणा निघाला. बालुशाही फुगेना, तिला पापुद्रे सुटेनात. निवृत्तीने एक तोंडात घातली आणि गाल धरला. "हे काय बे! दगड तळला का?"

पुष्पा परातीकडे बघत राहिली. पिठात माझ्या मुठींचे खळगे तसेच होते. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग खाली बघून म्हणाली, "माझ्याच हातून जास्त मळल्या गेलं." ते ऐकून मला आणखीच चीड आली. चांगुलपणातही तिनेच पुढे जायचं होतं.

घरातला मैदा, तूप सगळं त्यात गेलं होतं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. निवृत्ती माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "वहिनी, आता तुम्हीच."

मी खापर माळ्यावरून काढायला सांगितलं. मनात गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात कोकिळा आली. डोळे भरलेले.

"मोठी माय, तुले मांडे कराले लावाचे नव्हते मले."

"काऊन? माझे मांडे कडू लागतात?"

"मांड्यावर बसली की तुले उठता येत नाही. कोनाचंच लगन तू पाह्यलं नाही. मी बाबाले म्हटलं होतं, कन्यादानाले मोठी माय अन् मोठे बाबाच बसतीन. पुष्पामायनंच मले हे सुचवलं होतं. तुले ऐन वेळेवर सांगणार होतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं की पीठ मी बिघडवलं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मांडव पुढच्या अंगणात आणि माझी चूल मागच्या. तिंबलेली कणीक थांबत नाही, तापलेलं खापर सोडता येत नाही आणि तीनशे पानं मांडायची होती. मंगलाष्टका ऐकू आल्या. बाजा वाजला. एक मांडा खापरावर टाकून मी भिंतीच्या फटीतून पाहिलं. निवृत्तीच्या उपरण्याला पुष्पाच्या पदराची गाठ होती आणि कोकिळेचा हात तिच्या हातात होता. मी वळले तोवर मांडा करपला होता. त्या दिवसातला तेवढा एकच.

वऱ्हाडी बोटं चाटत उठले. मुलाचे वडील वामनराव खास मागच्या अंगणात येऊन म्हणाले, "बाई, असा मांडा आमच्या अमडापुराकडे कोणी करत नाही."

निघताना कोकिळा पुष्पाच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे आली. माझे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, तिचा शालू खराब होईल म्हणून मी ते मागे घेतले.

ती पाया पडली. म्हणाली, "मांडे लय चांगले झाले, मोठी माय."

आठ दिवस मी तेवढंच ऐकायला तळमळत होते.