झाडावरची सातवी माळ

मित्रांनो, मी एक जुनी परडी आहे, देवीची फुलं आणणारी. औंधच्या बाजारात बसणाऱ्या हरणाबाईंनी मला बांबूच्या पातळ कांबींनी विणलं आणि चंद्राबाईंनी मला पसंत केलं, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. घरी आणल्यावर त्यांनी मला आधी हळदीकुंकू लावलं, मग खुंटीवर टांगलं. वर्षातले अकरा महिने माझा मुक्काम तिथंच. एकदा उंदरानं माझा काठ कुरतडला, तर तो त्यांनी दोऱ्यानं शिवला, पण मला टाकलं नाही.

माझा खरा मान नवरात्रात. आमच्या डोंगरात देवीचं छोटं देऊळ आहे आणि त्याच्या वर गवताळ सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. तिथं गुडघाभर उंचीचं एक झुडूप उगवतं, फिकट जांभळ्या फुलांचं. आसपासच्या दुसऱ्या कुठल्या डोंगरावर ते दिसत नाही. गावात त्याला नुसतं 'आईचं फूल' म्हणतात. सातवी माळ याच एकशेआठ फुलांची, आणि ती ओवण्याचा नेम चंद्राबाईंचा. त्या दिवशी निर्जळी उपास, अनवाणी चढ आणि हातात मी. भरून उतरताना मला पालखीत बसल्यासारखं वाटायचं!

पण वर्षागणिक मला भरायला उशीर होऊ लागला. पूर्वी चार झुडपांत भरायची, पुढं पुढं अख्खा सडा पालथा घालावा लागे. मला वाटायचं, बाईंचे गुडघे थकले.

खरं कारण चार वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेनं, पल्लवीनं सांगितलं. ती सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"आत्या, एकोणीसच झुडपं राहिलीत. आपण फूल न् फूल तोडतो. मग बी कशाचं धरणार?"

चंद्राबाई वाती वळत राहिल्या. तीस वर्षांचा नेम मोडायचा, की आईच्या फुलाचा वंश बुडवायचा?

सातव्या दिवशी त्या नेहमीसारख्या चढल्या. पहिल्या झुडपापाशी बसल्या. हात पुढं केला, मागं घेतला. मग ओंजळीत पाणी आणि अक्षता घेऊन बुडाशी सोडत म्हणाल्या, "आई, ही तुझी माळ. इथंच घे."

एकोणिसाव्या झुडपापर्यंत असंच. मी रिकामी! खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देवळात मानकरी लालासाहेब वाट पाहत होते. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार ते.

"आवं वहिनी, परडी मोकळीच? माळ कुठं हाय?"

"वाहून आले, भावजी. झाडावरच."

"सुनंनं शिकवलं व्हय?"

मागून एक बाई फिसकन हसली. "सासूच आता सुनंच्या धाकात, बघा!"

चंद्राबाई हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमी साहेबाला लांबनंच सलाम ठोकत होता न्हवं? का त्याच्याच डोक्यावरची टोपी काढून त्यालाच भेट देत होता?"

देऊळभर हशा पिकला. लालासाहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "पर आईचा कोप झाला तर?"

"झाला तर माझ्या एकटीवर होऊ द्या."

दसऱ्यापर्यंत त्या नुसत्या दुधावर राहिल्या. मनात भीती होतीच.

कार्तिकात सासू-सुना मला घेऊन वर गेल्या. झुडपांवर शेंगा वाळल्या होत्या! त्यांनी मूठभरच घेतल्या, बाकी वाऱ्यासाठी ठेवल्या. त्या माझ्यात खुळखुळत उतरल्या. बी पिशव्यांत लावलं. अर्धं कुजलं, काही रोपं शेळ्यांनी खाल्ली. तरी पुढच्या पावसाळ्यात चोवीस रोपं सड्यावर लागली, आणि यंदा त्यातल्या सात झुडपांना पहिल्यांदा फूल आलं.

यंदाच सातव्या दिवशी परगावची एक बाई फूल खुडायला वाकली. खालून लालासाहेब कडाडले, "हात काढा, बाई! आईच्या गळ्यातली माळ हाय ती!"

चंद्राबाईंनी तिथंच हात जोडले. आणि मी? भरलेली असतानाही कधी इतकी ताठ नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही डोंगरावर गेलात तर देवीला फूल जरूर वाहा, फक्त ते तिच्या झाडावर राहू द्या. आणि कुणी रिकामी परडी घेऊन उतरताना दिसलं, तर त्याला हसू नका. बाजूला सरा, आधी त्याला वाट द्या.