कुंडीच्या काठावरची पांढरी किनार

टप्प. टप्प.

दुपारच्या शांततेत कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठिबकलं आणि ती भाजी चिरता चिरता थांबली. सासूबाई आज तिसऱ्यांदा रोपाला मंतरलेलं पाणी घालत होत्या.

महिनाभर हिरव्या महाराजांच्या दारात नुसती झुंबड होती. कडेवर मूल घ्यावं तशी जो तो कुंडी घेऊन रांगेत उभा. पिवळी पडलेली रोपं महाराजांनी मंतरून दिलेल्या बाटलीतल्या पाण्याने आठवड्यात टवटवीत व्हायची, हे खरंच होतं.

"माई, रोप म्हणजे तुमचा आरसा," महाराज डोळे मिटून सांगायचे. "ते हिरवं, तर तुम्ही ठणठणीत. गोळी घेतलीत की रोप रुसलं म्हणून समजा."

सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. पाणी आठवड्यातून एकदा झाकणभर घालायचं होतं. एकदा घालून एवढा गुण, मग दिवसातून तीनदा घातलं तर केवढा, म्हणून त्यांनी सपाटाच लावला. आता पानांच्या कडा करपल्या होत्या आणि त्या डोकं गच्च धरून कुंडीपाशी बसल्या होत्या.

"माझीच भक्ती कमी पडली गं. आता माझं काही खरं नाही."

तिने सकाळपासून उन्हात ठेवलेल्या दोन बशा पुढ्यात आणल्या. नळाच्या पाण्याची बशी जवळजवळ स्वच्छ. दुसरीत, मंतरलेल्या पाण्याच्या, पांढरा खडबडीत थर. तसाच थर कुंडीच्या काठावरही होता.

"भक्ती कमी नाही पडली, आई. या पाण्यात खत आहे, ते जास्त झालं. रोपवाटिकेत तीन वर्षं हेच खत मी माझ्या हातांनी विरघळवलंय. तुमच्या नातीला, चिमणीला, दिवसातून दहा वेळा जेवू घातलं तर तिचं काय होईल?"

सासूबाईंनी बशीतला थर बोटाने खरवडला. बराच वेळ बोटाकडे बघत राहिल्या.

"मला हे नीट दिसत का नाही गं?"

तिने बशा तिथेच टाकल्या आणि रिक्षा बोलावली. दोघी थेट दवाखान्यात पोचल्या. गोळ्या बंद केल्याने रक्तदाब भलताच चढला होता; डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. उजव्या डोळ्याचं आत्ताच काही सांगता येणार नाही, म्हणाले.

संध्याकाळी, नवरा दवाखान्यात थांबल्यावर, तिने चिमणीला हाताशी घेऊन कुंडीत साधं पाणी ओतलं. खालून सगळं निथळून जाईपर्यंत, पुन्हा पुन्हा.

"आता माती वरून सुकली की मगच पाणी. बोट घालून बघायचं, कुणी सांगितलं म्हणून घालायचं नाही. रोपाचं मातीला विचारायचं, माणसाचं डॉक्टरांना."

"मग नवीन पान येईल?"

"येईल. दोन-तीन आठवड्यांत."

चिमणीने मातीत बोट घातलं.

"आणि आजीचा डोळा, आई? तो किती आठवड्यांत?"