पोचा आलेली टॅक्सी

मी एक जुनी टॅक्सी आहे. पण मित्रांनो, हात दाखवून मला थांबवायचा विचार करू नका. तुमच्या तळहातावर मी आरामात मावते. माझी दारे उघडत नाहीत, माझ्या पोटात पेट्रोल नाही आणि आजवर मी एकाही माणसाला कुठे सोडलेले नाही. मी प्लास्टिकची आहे. तरीही माझ्या वाट्याला जे आले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म एका खोक्यात झाला, तोही सुट्या तुकड्यांच्या रूपाने. फांदीला पाने लागावीत तसे माझे अवयव प्लास्टिकच्या चौकटींना लागलेले होते. एका चौकटीला चाके, दुसरीला बंपर आणि दिवे, आणि स्टिअरिंग तर इतके नाजूक की जवळ कुणी शिंकले तर हरवायचे. खोक्यावर एका साध्या चार दारांच्या मोटारीचे चित्र होते. आपण पुढे टॅक्सी होणार, याची मला कल्पनाही नव्हती.

मला विकत घेतले ते बारकीने. बारकी हे तिचे घरातले नाव. ती पन्नाशीला टेकली, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी घरात सगळ्यांची ती बारकीच राहिली. दातांच्या कवळ्या बनवणे हा तिचा व्यवसाय. खिडकीजवळच्या टेबलावर दिवसभर ती लोकांचे दात घासायची, तासायची, चमकवायची. ते काम आवरले की त्याच टेबलावर, त्याच कानशी आणि चिमटे घेऊन छोट्या मोटारी आणि विमाने जोडायची.

"एखाद दिवशी मोटारीला दाढ बसवशील आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात चाक!" असे तिची वहिनी म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

बारकीचा मोठा भाऊ टॅक्सी चालवत असे. त्याला सगळे दादा म्हणत. त्याची टॅक्सी फिकट निळी, पांढऱ्या छताची, डोक्यावर सामानाचा कॅरिअर असलेली होती. दादाच्या साठीला त्याची टॅक्सीच छोटी करून त्याच्या हातात द्यायची, असे बारकीने ठरवले.

मग माझे दिवस आले! तिने माझे भाग एकेक करून कापले. कापल्या जागी राहिलेली बोंडे पॉलिश पेपरने घासली. सांध्यांत लांबीची पुट्टी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासले, इतके की बोट फिरवले तरी जोड लागू नये. निळ्या रंगाचे पातळ पातळ थर दिले. कॅरिअर खोक्यात नव्हताच. तो तिने कवळीची तार वाकवून केला. शेवटी मला असे काही चमकवले की माझ्या दारात तिला स्वतःचा चेहरा दिसू लागला. मला फार अभिमान वाटला. आपल्यासारखी देखणी गाडी जगात नसेल, असे मी समजू लागले.

साठीच्या दिवशी मला दादाच्या हातात ठेवले. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केले. दादाने मला समोरून पाहिले, मागून पाहिले, आणि मग डाव्या बाजूला वळवून तो तसाच पाहत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? तुझीच की!" बारकी म्हणाली.

"माझी अशी नाही."

एवढेच बोलून त्याने मला खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवले. बारकीचा चेहरा उतरला. दादाचे काय बिनसले, ते तेव्हा मलाही समजले नाही.

त्या कपाटावर माझी वर्षे गेली. दुपारचे ऊन थेट अंगावर येई. माझे पांढरे छत पिवळट पडले, निळा रंग विटला, काचांवर धूळ बसली. बारकी येई, पण पूर्वीसारखी मांडी ठोकून बसत नसे. "बरा आहेस ना?" "बरा आहे." बहीणभावाचे बोलणे तेवढ्यावर आटोपायचे. माझ्याकडे पाहायचे दोघेही टाळत. आपल्यामुळे या घरात काहीतरी अडले आहे, असे मला वाटत राही.

पुढे दादाची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. खरी टॅक्सी, ज्या माझ्या मोठ्या बहिणीला मी फक्त खिडकीतून पाहिले होते, ती भंगारवाल्याने ओढून नेली. दादा दारापर्यंतसुद्धा गेला नाही. तेव्हापासून तो खुर्चीत बसून असायचा.

"अहो, जरा पाय मोकळे करून या," वहिनी म्हणायची.

"कुठे जाऊ?" तो विचारायचा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता, त्याला स्वतःला आता कुठेच जायचे नव्हते.

एकदा दुपारी वारा सुटला. पडदा फडफडला, माझ्या कॅरिअरमध्ये अडकला आणि मी कपाटावरून खाली आदळले. पुढच्या चाकांचा कणा मोडला, एक चाक घरंगळत गेले, कॅरिअर चेपला. मित्रांनो, मला वाटले, आता आपली रवानगी केरात. पण दादा खुर्चीतून उठला आणि गुडघे टेकून जमीन चाचपू लागला. बारीक तुकडे त्याला दिसत नव्हते. "अगं, इकडे ये! चाक कुठे गेलं बघ," त्याने हाक मारली. वहिनीने कोचाखाली झाडू घालून चाक काढले, सगळे तुकडे साबणाच्या डबीत भरले आणि तडक बारकीचे घर गाठले.

"बारके, हिला दुरुस्त कर," वहिनी म्हणाली. "आणि जमलं तर तुझ्या भावालाही. घर खायला उठलंय गं."

बारकीने माझा सगळा जुना रंग उतरवला. कणा जोडला, त्यात आधाराला तारेचा तुकडा घातला. मग तिने दादाला फोन लावला.

"दादा, कॅरिअरच्या पट्ट्या आडव्या होत्या की उभ्या? मला आठवत नाही."

"फोटो बघ."

"फोटोत छत दिसत नाही रे. तूच ये ना."

फोटोत छत चांगले दिसत होते. फोटो माझ्याशेजारी, कानशीखाली पालथा घातलेला होता. पण मी कशाला बोलते!

दादा आला. पट्ट्या आडव्या असल्याचे त्याने सांगितले. बारकीने त्याला कवळ्या तपासायचे मोठे भिंग दिले. भिंगातून मला पाहता पाहता तो हळूच म्हणाला, "आणि पोचा?"

"कुठला पोचा?"

"डाव्या मागच्या दाराचा. तेव्हाही तू केला नव्हतास. विसरलीस तू."

बारकीने हातातला ब्रश खाली ठेवला.

"विसरेन कशी? दम्याने माझा श्वास अडकला होता. मागच्या सीटवर घालून तू मला दवाखान्यात नेलंस. गेटमधून आत घेताना दार खांबाला घासलं. नवी कोरी गाडी होती दादा, माझ्यापायी खराब झाली. त्या दाराकडे बघितलं की मला कानकोंडं व्हायचं. म्हणून तर मी ती जागा घासून घासून गुळगुळीत केली."

दादाने मान वर केली.

"वेडी का काय तू? अगं, गॅरेजवाला दर खेपेला म्हणायचा, ठोकून सरळ करून देतो. मी हात लावू दिला नाही. प्रवाशांना सांगायचो, पोचा पडला, पण बहिणीला पोचवलं!" मग तो म्हणाला, "मला वाटलं, तुला तो दिवसच नकोसा झालाय."

बारकीने डोळे पुसले. मग चष्माही पुसला. मग म्हणाली, "बस इथे. कसा होता, नीट सांग."

तिने माझे डावे दार आतून खरवडून पातळ केले. मेण कोरायची सुरी दिव्यावर गरम करून ती दारापाशी आणली. मला धडकी भरली. प्लास्टिक मऊ झाले आणि तिने गोल टोकाने दाबले.

"ही काय वाटी आहे?" दादा ओरडला. "लांबट होता तो! मागे निमुळता."

"मग कर तूच!"

दादाने केला. सुरी थोडी सरकली आणि पोच्याशेजारी एक ओरखडा उठला. "हाही होता," तो लगेच म्हणाला. खरा होता की नव्हता, देव जाणे.

त्यानंतर पुन्हा निळा रंग चढला, पण या वेळी चमक नव्हती. दारांच्या फटींत पातळ तपकिरी रंग सोडून वरचा पुसून घेतला. दारांच्या कडांवर, जिथे प्रवाशांच्या बॅगा आपटत, तिथे स्पंजच्या तुकड्याने टवके दाखवले. ड्रायव्हरच्या खिडकीची कड दादाने स्वतः घासली. "इथला रंग माझ्या कोपरानं खाल्ला," तो म्हणाला. चाकांना खडूची पूड लागली आणि टूथब्रशच्या केसांवरून बोट फिरवून माझ्या अंगावर चिखल उडवला गेला. मी पहिल्यापेक्षा कितीतरी मळकी दिसू लागले, आणि दादा मला हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला.

आता मी बारकीच्या टेबलाशेजारच्या काचेच्या कपाटात असते. दादा जवळजवळ रोज येतो. सध्या दोघांनी एक मोठे विमान जोडायला घेतले आहे. दादा विमानात कधी बसलेला नाही, आणि विमान नेमके कुठे मळते यावरून त्यांचे रोज वाजते. परवा दोघे विमानतळाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. येताना दादाचा घसा बसला होता. डोक्यावरून विमान गेले, तेव्हा तो रस्त्यावर उभा राहून ओरडला होता म्हणे, "काळं आहे बारके! पोटाला, चाकांच्या मागे, सगळं काळं आहे!"

मित्रांनो, माझे चांगले चालले आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला उन्हात ठेवू नका. उचलताना कॅरिअरला किंवा पंखाला धरू नका, पोटाखाली हात घाला. काही तुटले, तर तुकडे डबीत जपून ठेवा. आणि कधी आमच्या घरी आलात, तर एक विनंती आहे. मला पुसायचेच झाले, तर कोरड्या, मऊ ब्रशने पुसा. ओले फडके लावू नका. चिखल निघून जाईल, आणि तो बसवायला त्या दोघांची अख्खी दुपार गेली आहे.