इवायाचा कूलर

रेणापूरचे रामलिंगआप्पा अर्धापूरला कूलर घेऊन निघाले, त्यात त्यांचा फायदा काय होता ते आधी बघू. पैशाचा नव्हता. कूलर त्यांनी स्वतः पत्रा ठोकून केला होता आणि लेकीच्या सासरी फुकट ठेवून यायचा होता. फायदा होता तो एका वाक्याचा.

लेकीच्या लग्नात, भर मांडवात त्यांचे व्याही ग्यानोबा म्हणाले होते, "इवाई, जेवण झ्याक झालं. आता हात धुवायला पाणी हाय, का रेल्वेची वाट बघायची?"

मांडव हसला. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून लातूरकडच्या माणसाला पाण्यावरून कुणीही बोलून घ्यावं, त्याला गिळायची सवय असते. आप्पांनीही गिळलं, पण पचलं नाही. पुढं प्रत्येक भेटीत ग्यानोबा तोच टोमणा नवा करून मारत आणि आप्पा तोंडभर हसत. ग्यानोबांकडं कालव्याचं पाणी, केळीची बाग, ओसरीला फरशी. या घरानं एकदा तरी तोंडानं म्हणावं, "इवाई, तुमचं मानलं," एवढंच त्यांना हवं होतं.

ते म्हणायला लावण्याजोगी एकच गोष्ट आप्पांकडं होती. त्यांना ऊन कळायचं. सकाळी ऊन अंगणात उतरलं की घर बंद, खिडक्यांवर ओली गोणपाटं, आत कूलर, आणि दिवस मावळेपर्यंत कडीला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. रेणापुरात त्यांची गल्ली तो पाळायची. गेल्या उन्हाळ्यात गल्लीत कुणाला ऊन लागलं नाही, त्याचं सगळं श्रेय आप्पांनी घेतलं. उन्हाळाभर पुण्याला पोराकडं जाऊन राहिलेल्यांचंसुद्धा.

मेच्या अखेरीस दीपमालाचा फोन आला. सासरे, म्हणजे ग्यानोबा, बागेत पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, नांदेडला ऑपरेशन झालं आणि आता घरी खाटेवर होते. कूस बदलायलाही दुसरा माणूस लागायचा.

"डॉक्टर म्हणले, उकाड्याला जपा. न्हाई तर हाड जुळंल आन् माणूस हातचा जाईल. काय करावं वो आप्पा?"

लेकीनं सल्ला विचारला होता. आप्पांनी ते आमंत्रण समजून दुसऱ्या दिवशी पहाटेच कूलर टेम्पोत घातला.

रेणापूर सोडून निम्मी वाट होईपर्यंत हवा कोरडी होती. घाम यायच्या आधीच वाळायचा, शर्टावर नुसतं मीठ राहायचं. नांदेड मागं पडलं, दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या, तसा शर्ट पाठीला चिकटला तो चिकटलाच. टेम्पोवाल्यानं मोबाइल बघून सांगितलं की आपल्याकडं त्रेचाळीस, इथं अडतीस.

"अडतीस?" आप्पा म्हणाले. "एवढ्यात आमच्याकडं माणसं गोधडी शोधतात."

घर केळीच्या मधोमध होतं. आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला होता आणि आता वर ऊन, खाली ओली जमीन, मध्ये एक पान हलत नव्हतं. ग्यानोबांची खाट ओसरीवर, पंख्याखाली, तिन्ही बाजूंनी उघड्यावर होती.

"या इवाई," ग्यानोबा पडल्या पडल्याच बोलले. "कूलर आणला, बेस केलं. पाणीबी सोबत आणलं का आमचंच घालू?"

आप्पा हसले. आज हसायला सोपं गेलं.

"खाट आधी आत घ्या," ते म्हणाले. "असं उघड्यावर माणूस भाजंल."

आतल्या खोलीला एकच खिडकी होती, केळीकडची. आप्पांनी ती लावून घेतली, वर ओलं गोणपाट ठोकलं, कूलर खोलीत कोपऱ्यात मांडला, पाणी भरलं. दीपमाला दारात उभी राहून बघत होती.

"आप्पा, खिडकी ऱ्हाऊ द्या उघडी. हितली हवा येगळी हाय."

"हवा ती हवा. तिला काय गाव असतंय?"

"आवो, कुरडया वाळंनात हितं. चार दिस झाले, आत्या उन्हात टाकून राहिल्यात. तश्याच चिकट. बुरा यायला."

"म्या माणूस गार करायला आलोय, तू कुरडईचं काय घिऊन बसलीस!"

तिचा नवरा दयानंद घरात आला आणि खिडकीकडं निघाला. त्यालाही त्या खोलीत कोंडल्यासारखं झालं होतं. पण खाटेवरून ग्यानोबांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे रे. इवाई एवढ्या लांबून आलेत. त्यांच्या मनासारखं होऊ दे."

आता हे घर कसं होतं ते सांगायला हवं. या घरात व्याह्याची चेष्टा करायची, पोट धरून हसायचं; पण व्याह्यानं हातानं केलेलं काम त्याच्यासमोर मोडायचं नाही. ग्यानोबांनी इतकी वर्षं टोमण्यांत जे घेतलं होतं, ते बहुतेक आज फेडायचं ठरवलं होतं. बापाचा शब्द पोरानं मानला, पोराचं बघून सून गप्प बसली. आप्पांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसले, कुणी मध्येच उघडू नये म्हणून.

दुपार चढली. कूलर फार चांगला चालला. लाइटसुद्धा गेली नाही. आतून सुरुवातीला एकदोनदा ग्यानोबांचा आवाज आला.

"इवाई, जरा उकडून राहिलं."

"सुरुवातीला वाटतंय तसं. पडून ऱ्हावा. गार होतंय."

थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, बारीक. आप्पांनी तेच उत्तर दिलं. मग आवाज बंद झाला. दीपमालाची आत्या, म्हणजे ग्यानोबांची बायको महानंदाबाई, कुरडयांचं ताट घेऊन चालली होती, ती थबकली. आप्पांनी दार बोटभर किलकिलं केलं. कूलरसमोर ग्यानोबा डोळे मिटून निपचित पडले होते.

"बघा इहीणबाई. गार लागलं, झोपले."

ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे महानंदाबाईला माहीत होतं. तिनं दारातूनच बघितलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "खरंच की वो. इवाई, तुमचं मानलं बरं का."

म्हणजे ज्यासाठी आले होते ते आप्पांना मिळालं. पूर्ण मिळालं, त्याच घराच्या तोंडून. त्या खुशीत परत दार ओढून ते चांगले ताठ बसले.

चहाच्या वेळेला दीपमालानं दार उघडलं, तेव्हा न्हाणीतून यावी तशी वाफ तोंडावर आली. भिंती ओल्या होत्या. सकाळी दोरीवर टाकलेला पंचा अजून पिळण्यासारखा ओला होता. ग्यानोबांच्या अंगावर घाम थेंबाथेंबानं उभा होता, वाळायला जागाच नव्हती. तिनं कपाळाला हात लावला आणि तव्याला लागावा तसा काढून घेतला.

"मामा! मामा, वो मामा!"

त्यांनी डोळे उघडले, पण ओळखलं नाही. जीभ जड झाली होती. "इवायाला म्हणावं," ते म्हणाले, "गार हाय. लई गार हाय."

दयानंदनं लाथेनं खिडकी उघडली. जीपमध्ये घालून नांदेड गाठलं. सगळ्या वाटेनं आप्पा ग्यानोबांच्या छातीवर ओलं फडकं फिरवत होते, आणि ते फडकं काही केल्या वाळत नव्हतं. रेणापुरात ते हातातल्या हातात वाळलं असतं. आप्पांना तेव्हा कळलं. कळून उपयोगाला येईल एवढी वाट उरली नव्हती.

दिवस मावळायच्या आत ग्यानोबा गेले. डॉक्टर तरुण होता, थकलेला. असे पेशंट त्या आठवड्यात त्यानं बरेच बघितले असावेत.

"दमट हवेत खोली बंद करून कूलर लावला? घाम वाळला तर माणूस थंड होतो. तुम्ही वाळूच दिला नाही. खिडकी कुणी लावली होती?"

दयानंदनं सासऱ्याकडं, आप्पांकडं बघितलं. महानंदाबाईनं बघितलं. रामलिंगआप्पांनी तोंड उघडलं, नुसतंच.

"म्या लावली," दीपमाला म्हणाली.

कुणी तिला खोडलं नाही. दयानंदनं मान खाली घातली. सासऱ्याला चारचौघांत उभं करण्यापेक्षा त्याला ते सोपं गेलं. महानंदाबाईला सगळं माहीत होतं, तरी तिला धरायला माणूस हवा होता आणि सून हाताशी होती. आप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं.

दहाव्याला आप्पा आले तेव्हा ओसरीवर माणसं दाटीनं बसली होती. कुणी ना कुणी विचारायचं, "बरे होऊन राहिले होते की, मग एकाएकी कसं?" महानंदाबाई हनुवटीनं स्वयंपाकघराकडं दाखवायची. "सूनबाईनं खिडकी लावली." चार जणांना चहा देत दीपमाला तिथूनच जायची. आप्पांनीही चहा घेतला. निघताना तिला म्हणाले, "येती का चार दिस माहेराला?" ती म्हणाली, "आता कशी येऊ?"

रेणापुरात अजून आप्पांना लोक कूलर दाखवायला बोलावतात. ते जातात. खिडकी लावायची का, हे मात्र घरच्यांनाच विचारतात.

तर हिशेब असा लागला. ग्यानोबांनी मान राखला आणि जीव देऊन भरला, एकदाच. रामलिंगआप्पांना त्यांचं वाक्य मिळालं आणि भरावं काहीच लागलं नाही. उरलेलं सगळं दीपमालाच्या नावावर निघालं. ती त्याच घरात, त्याच खोलीत झोपते. थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवते, आणि तो हिशेब अजून भरते आहे.